गाणं उरतं, गीतकार कुठे जातो? : रेव्हरंड टिळकांची चरित्रं वाचताना



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. थिसिसचं पहिलं प्रकरण दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. त्या प्रकरणातल्या एका वाक्यानं मला कुठल्या कुठे नेलं, ते आज सांगतो. 'लिटरेचर रिव्ह्यू कसा लिहावा' अशी नेहमीची पोस्ट ही नाही. एका मराठी कवीचं आयुष्य लोकांनी कसकसं लिहिलंय, याची ही चिकित्सा आहे. पण तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल आणि 'स्रोत तपासणं म्हणजे नेमकं काय करायचं?' हा प्रश्न पडत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. मला हे कोणी एम.एस्सी.ला असताना सांगितलं असतं तर एक चूक टळली असती. तीही शेवटी सांगतो.

एक वाक्य, एक पेन्सिलची रेघ

माझा विषय रेडिओ रिसीव्हरमधला नॉइज. म्हणजे हवा तो सिग्नल येताना सोबत जो कचरा येतो, तो कुठून येतो हे शोधायचं. प्रस्तावनेत थोडा इतिहास हवा म्हणून मी लिहिलं होतं: १९०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अमेरिकेतल्या ब्रँट रॉक इथून आवाज आणि संगीताचं पहिलं रेडिओ प्रसारण केलं, त्यात त्यांनी स्वतः व्हायोलिनवर 'ओ होली नाइट' हे नाताळगीत वाजवलं आणि समुद्रावरच्या जहाजांनी ते ऐकलं.

छान वाक्य आहे. शंभर ठिकाणी सापडतं. माझ्या गाइडनी त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि समासात दोन शब्द लिहिले: 'कोणी ऐकलं?'

शोधायला बसलो. तर निघालं ते असं. या रात्रीची हकिकत मुख्यतः फेसेंडेन यांच्या एका पत्रावर उभी आहे आणि ते पत्र आहे जानेवारी १९३२ चं. घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. त्याच वर्षी ते वारले. २१ डिसेंबर १९०६ ला त्यांनी तज्ज्ञांसमोर रेडिओवरून आवाज पाठवून दाखवला, त्याच्या त्या काळच्या नोंदी आहेत. २४ तारखेच्या रात्रीचं मात्र जहाजाच्या नोंदवहीत किंवा त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रात काही सापडलं नाही, असं शोधणारे सांगतात. आणखी एक गंमत बघा. त्या पत्रात फेसेंडेन त्या गाण्याचा संगीतकार म्हणून गुनोचं नाव देतात. आपल्याला माहीत असलेल्या 'ओ होली नाइट'ची चाल आहे अदोल्फ आदामची. म्हणजे एकतर नाव चुकलं, नाहीतर गाणंच दुसरं होतं.

फेसेंडेन खोटं बोलले, असं मला म्हणायचं नाही. पंचवीस वर्षांनी तुम्हीआम्ही काय आठवणार आहोत? मुद्दा एवढाच की माझ्या वाक्याखाली खडक नव्हता, एका माणसाची उतारवयातली आठवण होती. आणि मी ती 'फॅक्ट' म्हणून छापायला निघालो होतो.

रोकमोरचा वाइन-व्यापारी

आता गाणं हातात आलंच होतं, म्हणून ते लिहिलं कोणी हेही पाहिलं. मूळ गीत फ्रेंच. कवी प्लासिद कापो (१८०८–१८७७). दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठचं रोकमोर हे त्याचं गाव. धंदा वाइनचा. लहानपणी गोळी लागून एक हात गेलेला, पुढे कायद्याचं शिक्षण घेतलेला, हौसेनं कविता करणारा माणूस. गावच्या धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून १८४७ मध्ये त्यानं नाताळचं एक गीत लिहिलं, आदामनं त्याला चाल लावली आणि ते जगभर गेलं.

त्याच्याविषयी काही वाचायला जा. सगळीकडे साधारण एकच गोष्ट मिळते. धर्माशी फारसं देणंघेणं नसलेला व्यापारी, पॅरिसला निघालेली घोडागाडी, आणि त्या गाडीत अचानक सुचलेले शब्द. पुढे हाच माणूस समाजवादी विचारांकडे वळला आणि आपल्याच गाण्यातल्या काही धार्मिक कल्पना त्याला पटेनाशा झाल्या. पण हा भाग बहुतेक ठिकाणी 'आश्चर्य म्हणजे' अशा सुरात येतो. त्याच्या जोडीला संगीतकार आदाम ज्यू होता हा निराधार तपशीलही चिकटतो, कारण गोष्ट त्यामुळे अजून चटकदार होते. अडुसष्ट वर्षं जगलेल्या माणसाचं आयुष्य एका डिसेंबरच्या दोन बाजूंना वाटलं जातं: गाण्याच्या आधी आणि गाण्याच्या नंतर.

इथे मला खटकलं. आपण पेपर लिहितो तेव्हा हेच करत नाही का? निकाल हातात आला की मागे वळून सगळा प्रवास त्या निकालाकडेच चालला होता असं लिहितो.

पंचहौदला ऐकलेलं गाणं

माझा हॉस्टेलचा रूममेट नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. गेल्या नाताळला तो मला गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात घेऊन गेला होता. मी पुण्यात नऊ वर्षं राहतोय, तो उंच घंटामनोरा कितीदा बाहेरून पाहिला असेल, पण आत पहिल्यांदाच गेलो. उपासना मराठीत. आणि एक गाणं सुरू झालं तेव्हा मी चमकलो, कारण ते सरळसरळ आपल्या भजनासारखं होतं. रूममेट कानात म्हणाला, "हे टिळकांचं."

मी म्हटलं, "कुठल्या टिळकांचं?"

पुण्यात हा प्रश्न विचारावा लागतो! त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं. मग आठवलं. शाळेत 'केवढें हें क्रौर्य!' ही मरणाऱ्या पक्षिणीची कविता होती, तिच्या खाली नाव होतं रे. ना. वा. टिळक. त्या 'रे.'चा अर्थ काय, हे मी शाळेच्या सगळ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

कापोविषयी वाचताना हा प्रसंग डोक्यात परत आला आणि मी रेव्हरंड टिळकांवर जे मिळेल ते वाचायला लागलो. मी साहित्याचा विद्यार्थी नाही, हे आधीच कबूल करतो. पण डेटा कुठून आला हे विचारायची सवय लागली आहे, तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

आधी नुसत्या नोंदी

नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई लवकर गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले, शाळेचं शिक्षण मात्र अर्धवट राहिलं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी लग्न झालं, त्याच पुढे लक्ष्मीबाई. मग एक ना धड नोकऱ्या: कुठे मास्तरकी, कुठे कीर्तन-पुराण, कुठे छापखाना. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम, 'ऋषि' नावाचं मासिक. पुढे राजनांदगाव. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. त्यानंतर मुख्य मुक्काम अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन, 'ज्ञानोदय'चं संपादन, शेकडो भक्तिगीतं, फुलांच्या आणि मुलांच्या कविता. १९१७ मध्ये मिशनमधून बाहेर पडून साताऱ्याला 'देवाचा दरबार'. ९ मे १९१९ ला मुंबईत निधन.

यातली १८९५ ची नोंद किती जड होती हे कळायला पंचहौदच्याच अंगणात परत जाऊ. १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये पुण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती, पुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. मग नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताचा वाद पेटला. नुसत्या चहावर! त्यानंतर पाच वर्षांच्या आत एका चित्पावन शास्त्र्यानं बाप्तिस्मा घेणं म्हणजे काय, याची कल्पना करा. जिवंतपणी घरादाराला मरणं, एवढाच त्याचा अर्थ होता.

दोन अर्धे टिळक

आता यांचं आयुष्य लिहिलं कसं जातं ते बघू.

पाठ्यपुस्तकी परिचयात 'फुलामुलांचे कवी' असतात. निसर्ग, कोवळेपणा, बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहायचे ही आठवण. धर्मांतर एका वाक्यात उरकतं आणि भक्तिगीतं जवळजवळ गायब. उलट चर्चच्या बाजूला गेलात की भक्तिगीतंच सगळं काही. पक्षीण, फुलं, मराठी कवितेतली त्यांची जागा हे सगळं मागे राहतं. एकच माणूस दोन कपाटांत अर्धा-अर्धा ठेवला आहे, आणि एका कपाटाची किल्ली असलेले दुसरं उघडत नाहीत.

यात नुकसान दोघांचंही आहे, कारण टिळकांचं खरं काम या दोन कपाटांच्या मधल्या भिंतीवर आहे. त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांमध्ये इंग्रजी गीतांचे अनुवाद पाश्चात्त्य चालींवर गायले जात. त्या चालीत ठोका ठरलेल्या जागी पडतो, मग मराठी शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ त्याखाली चेंगरला तरी इलाज नाही. कुठलीही इंग्रजी चाल घ्या आणि त्यात एखादं साधं मराठी वाक्य बसवून बघा, लगेच कळेल. टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे घरचेच साचे वापरले. अभंग अक्षरांच्या संख्येवर चालतो, त्यामुळे गाणाऱ्याला कुठे लांबवायचं, कुठे आवरायचं याची मोकळीक मिळते. टाळ-मृदंगावर ते बसतं, आणि पुस्तक हातात नसलेल्या माणसालाही दोनदा ऐकून पाठ होतं. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं असं टिळक मानत. ते नुसतं भावनेनं म्हटलेलं नाही, त्यांच्या रचनेतच ते दिसतं. पंचहौदला मी चमकलो तो यामुळे. पण हे समजायला कीर्तन-पुराण सांगत हिंडणारा, नाशिकला संस्कृत घोकणारा तरुण आवश्यक आहे. तो वगळलात की गाणी आकाशातून पडल्यासारखी वाटतात.

रेल्वेच्या डब्यात कोण होतं?

टिळकांच्या चरित्रात एक प्रसंग हमखास येतो. राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटतो. गप्पा होतात, कविता-धर्म असा विषय निघतो. तो टिळकांना नवा करार देतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत करतो. टिळक वाचायला लागतात, डोंगरावरील प्रवचनापाशी थबकतात आणि पुढे ते भाकीत खरं होतं.

कापोची घोडागाडी आठवली ना? मलाही आठवली. प्रवास, योगायोग आणि एका क्षणात पालटलेलं आयुष्य.

आता गाइडचा पेन्सिलीतला प्रश्न इथे लावा: कोणी ऐकलं? हा संवाद दोन माणसांचा. त्या प्रवाशाची स्वतःची साक्ष या चरित्रांत पुढे येत नाही. काही ठिकाणी तो निनावी गोरा गृहस्थ आहे, काही ठिकाणी त्याला मिशनऱ्याचं नावही मिळालंय. म्हणजे हकिकत फिरून टिळकांच्याच सांगण्यावर येते, आणि ते सांगणं बाप्तिस्म्यानंतरचं आहे. भाकीत खरं ठरलं म्हणून लक्षात राहिलं. खोटं ठरलेली किती भाकितं आपण लक्षात ठेवतो?

पुन्हा सांगतो, प्रसंग घडलाच नाही असा माझा दावा नाही. घडला असेल. माझी तक्रार त्याच्या वजनाबद्दल आहे. चरित्रात या डब्याला जेवढी जागा मिळते, तेवढी त्याआधीच्या दहा-बारा वर्षांच्या वणवणीला मिळत नाही. जातीबद्दल, मूर्तिपूजेबद्दल हा माणूस आधीपासूनच अस्वस्थ होता, एका जागी टिकत नव्हता. असा माणूस रेल्वेत कोणी भेटलं नसतं तरी कुठेतरी पोचलाच असता. कदाचित तिथेच, कदाचित दुसरीकडे. रेल्वेचा डबा सांगायला सोपा, वणवण सांगायला अवघड. म्हणून डबा जिंकतो.

जे. सी. विन्स्लो हे नगर भागात काम केलेले इंग्रज मिशनरी. त्यांनी १९२३ मध्ये, म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं. पुढे पुण्याच्या शिवाजीनगरात आश्रम काढणाऱ्या ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक ते हेच. पुस्तक मनापासून लिहिलेलं आहे, टिळकांच्या पद्यांचे अनुवाद त्यात आहेत आणि मराठी न येणाऱ्या जगाला टिळक कळले ते बरेचसे त्यातून. पण त्याच्या नावातच 'महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवी' असं आहे. उत्तर मुखपृष्ठावर छापलंय! मग आतल्या प्रत्येक प्रकरणानं त्या उत्तराकडे चालत जाणं भागच. करजगाव, नाशिक, नागपूर ही ठिकाणं उरत नाहीत, पायऱ्या होतात.

जिनं नोंदवही नीट केली नाही

आणि मग 'स्मृतिचित्रे'.

हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर पोस्ट इथेच थांबवून आणा. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, १९३४ पासून चार भागांत आलं. विजया मेहतांनी त्याच्यावर चित्रपट केला, शांता गोखल्यांनी इंग्रजीत अनुवाद केला, वगैरे माहिती तुम्हाला मिळेलच. मला महत्त्वाची वाटते ती त्याच्या जन्माची गोष्ट. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यानं आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं. म्हणजे आपल्या भाषेत, हा 'रॉ डेटा' होता. मोठ्या माणसाच्या मोठ्या चरित्राला पुरवायचा कच्चा माल. झालं असं की कच्चा मालच मराठीतला एक अव्वल ग्रंथ ठरला.

का ठरला? कारण लक्ष्मीबाईंनी तो कुठल्याही निष्कर्षासाठी साफ केला नाही. त्यात टिळक घरात दाणा नसताना आल्यागेल्याला हातातलं देऊन टाकतात. रागावतात, तडकाफडकी निघून जातात, मग लेकरासारखे परत येतात. आपण हसतो, मग लक्षात येतं की हे सगळं एका बाईच्या जिवावर चाललंय. इतर चरित्रांत '१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी काही वर्षांनी त्यांना येऊन मिळाली' असं एक वाक्य असतं. त्या अर्धविरामात काय होतं, ते 'स्मृतिचित्रे'त आहे: पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, दुसऱ्यांच्या घरात काढलेली वर्षं, लोकांच्या नजरा. मग नवऱ्याकडे जाण्याचा निर्णय, तोही आपलं सोवळं आपल्यापाशी ठेवून. आणि त्या सोवळ्याचे एकेक धागे कसे सुटत गेले, तेही. त्यांना कोणी रेल्वेत भेटलं नाही. त्या स्वतः स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी, स्वतःशी वाद घालत तिथे पोचल्या. १९०० च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते वैचारिक बदलाचं इतकं प्रामाणिक वर्णन मराठीत फार थोडं आहे. टिळकांच्या 'क्षणा'पेक्षा लक्ष्मीबाईंचा 'काळ' मला जास्त पटतो.

पण थांबा. आवडत्या स्रोतालाही तोच प्रश्न विचारायचा असतो. 'स्मृतिचित्रे'तला मजकूर टिळकांच्या मृत्यूनंतर चौदा-पंधरा वर्षांनी आठवून लिहिलेला आहे. बाप्तिस्म्याच्या काळापासून मोजलं तर जवळजवळ चाळीस वर्षांनी. लिहिणारी बाई आता स्वतः ख्रिस्ती आहे, जुन्या मनूकडे ती हसून बघू शकते. त्या हसण्यानं तेव्हाची काही जखम झाकली गेली असणारच. शिवाय त्या कथाकथनात वस्ताद आहेत, आणि चांगला सांगणारा प्रसंगाला आकार देतोच. अशोक देवदत्त टिळकांनी पुढे या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली, कारण एवढ्या जिवंत पुस्तकालाही टिपांची आणि पडताळणीची गरज असते. फेसेंडेन यांच्या पत्राला जी कसोटी, तीच इथेही.

मग फरक काय? माझ्या मते हा: फेसेंडेन यांच्या पत्रातले बहुतेक तपशील त्यांच्या श्रेयाच्या बाजूनं आहेत. लक्ष्मीबाईंच्या लेखनात त्यांच्या स्वतःच्या विरुद्ध जाणारे, नवऱ्याच्या विरुद्ध जाणारे, पुस्तकाच्या हेतूच्याही विरुद्ध जाणारे तपशील पानोपानी आहेत. ज्या साक्षीत साक्षीदाराला न सोयीचं बरंच काही आहे, तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. पूर्ण नाही, जास्त.

जे गोष्टीत बसत नाही

मुखपृष्ठावर उत्तर छापलेल्या चरित्राला सगळ्यात अडचणीचं वर्ष १८९५ नाही, १९१७ आहे. वीस-बावीस वर्षं मिशनमध्ये काम केलेला, मान मिळालेला माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते सोडतो, संन्यस्त वृत्तीनं राहायचं ठरवतो, साताऱ्याला जातो आणि बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे एकत्र येतील असा 'देवाचा दरबार' मांडतो. 'शोध घेतला आणि सापडलं' अशी गोष्ट असेल तर हे काय? सापडलेलं सोडून हा परत कुठे निघाला? गोष्ट वाचवायची म्हणून याला 'अखेरचं तेज' वगैरे म्हणता येतं. मला वाटतं, हा तोच नागपूर-राजनांदगावचा अस्वस्थ माणूस आहे. बाप्तिस्म्यानं त्याला दिशा दिली, पण त्याचं चालणं थांबवलं नाही. प्रयोगात एक बिंदू वक्ररेषेबाहेर पडला तर तो खोडायचा नसतो. रेषाच चुकीची काढली असेल का, हे आधी बघायचं.

दुसरी न बसणारी गोष्ट 'ख्रिस्तायन'. टिळकांचं महाकाव्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. टिळक सुरुवातीचे थोडे अध्याय लिहून गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना लिहिता-वाचता यायला लग्नानंतर किती वर्षं गेली, त्या बाईंनी. ग्रंथ १९३८ मध्ये आला, तेव्हा त्याही नव्हत्या. आता 'ख्रिस्तायनचे कवी कोण?' या प्रश्नाचं तुमच्या परीक्षेतलं उत्तर आठवा.

माझी चूक

हे वाचून संपवलं त्या रात्री मी माझा एक जुना पेपर उघडला.

आमच्या लॅबमध्ये पारनेरचा एक प्रोजेक्ट असिस्टंट होता. सहा महिने तो रोज एका अँप्लिफायरचा नॉइज मोजायचा आणि रोज आकडे वेगळे यायचे. आम्ही सगळे वैतागलो होतो. पण तो तारीख-वेळेसह वहीत लिहीत राहिला. 'संध्याकाळी सहानंतर वाढला', 'रविवारी कमी' अशा साध्या नोंदी. प्रोजेक्ट संपला, तो गेला. नंतर मी ती वही चाळताना माझ्या लक्षात आलं की नॉइज आमच्या सर्किटचा नव्हताच. कॉरिडॉरमधल्या एलईडी ट्यूब लागल्या की तो वाढायचा. शील्डिंग आणि ग्राउंडिंग बदललं, निकाल मिळाला, पेपर झाला.

पेपरमध्ये त्या सहा महिन्यांबद्दल मी लिहिलंय: 'प्राथमिक चाचण्यांनंतर'. दोन शब्द. पुढचं सगळं असं वाचायला मिळतं की आम्ही आधी गृहीतक मांडलं, मग पडताळलं. त्याचं नाव लेखकांत नाही, आभारातही नाही. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मला तेव्हा ते वगळल्यासारखं वाटलंच नाही, नीटनेटकं केल्यासारखं वाटलं.

एका अर्धविरामात एखाद्याची वर्षं कशी मावतात, हे मला लक्ष्मीबाईंनी शिकवलं असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्यांनी मला पकडलं.

छापलेला पेपर आता बदलता येत नाही. थिसिसच्या चौथ्या प्रकरणात मात्र ते सहा महिने तारखांसह घातले आहेत, वहीतल्या नोंदींचा तक्ता जोडला आहे आणि त्याचं नाव पूर्ण लिहिलं आहे. त्याला फोन केला. तो आता एका कंपनीत आहे. म्हणाला, "दादा, ती वही अजून आहे होय?" पुढे मला काही बोलताच आलं नाही.

तुमच्यासाठी चार प्रश्न

संशोधनाला सुरुवात करताय, तर कुठलाही स्रोत, मग तो जर्नलमधला असो, चरित्रातला असो की तुमचा स्वतःचा रिपोर्ट असो, हातात घेतला की हे विचारा:

१. तिथे कोण होतं? ऐकणारा-पाहणारा नेमका कोण?
२. कधी लिहिलं? घटना आणि नोंद यांच्यात किती वर्षं गेली?
३. या गोष्टीची गरज कोणाला आहे? ती अशीच घडलेली असावी, असं कोणाला वाटतं?
४. काय बसत नाही? १९१७ कुठे आहे? अर्धविरामात कोण आहे?

पहिले तीन प्रश्न दुसऱ्यांच्या लेखनाला विचारणं सोपं जातं. चौथा स्वतःच्या लेखनाला विचारून बघा.

फेसेंडेनचं वाक्य मी काढलं नाही, बदललं. आता तिथे २१ डिसेंबरचं प्रात्यक्षिक आहे, आणि नाताळच्या रात्रीबद्दल 'फेसेंडेन यांनी १९३२ मध्ये लिहिल्यानुसार' असं आहे. वाक्य लांब झालं आणि थोडं नीरस झालं. गाइडनी परत पेन्सिल फिरवली, पण यावेळी फक्त स्वल्पविरामासाठी.

येत्या नाताळला पंचहौदला परत जाणार आहे. यावेळी 'कुठल्या टिळकांचं?' विचारणार नाही. तुमच्याकडे असं एखादं 'छान वाक्य' असेल, ज्याच्याखाली खडक आहे की आठवण हे तुम्ही कधी पाहिलं नाही, तर या आठवड्यात तेवढं एक तपासा. भेटू पुढच्या पोस्टमध्ये.